मतदाराला नावे ठेवण्याआधी

‘लोकच असले, मग आमदार कसले मिळणार?’ हे वाक्य गोव्यात आता म्हणीसारखे रुळले आहे. मामलेदार कचेरीतून हात हलवत परतताना, मासळीच्या बाजारात, जत्रेच्या जमाखर्चावरून देवळात भांडण झाल्यावर, कुठेही ते कानावर येते. बोलणारा स्वतःला त्या ‘लोकां’तून सोयीस्करपणे वगळून बोलत असतो, हे वेगळे सांगायला नको. सुशिक्षित मंडळींना तर हे वाक्य फारच प्रिय. मतदार पैशाला आणि बाटलीला विकला जातो असे एकदा ठरवले, की पक्षांना जाब विचारायचे कष्ट उरत नाहीत, कायदा काय म्हणतो ते वाचावे लागत नाही, आणि मतदानाच्या दिवशी घरात बसून राहिले तरी मनाला टोचणी लागत नाही.

पण गोमंतकीय घरात बसतही नाही. २०२२ च्या विधानसभेला सुमारे ७९ टक्के मतदान झाले, २०१२ मध्ये त्याहूनही जास्त. एवढ्या संख्येने रांगेत उभा राहणारा माणूस विकाऊ आहे असे म्हणण्यापूर्वी त्याने नेमके काय केले आणि नंतर त्या मताचे काय झाले, हे एकदा पाहायला हवे. मी ते ओळीने मांडून पाहिले. राग आला तो मतदाराचा नाही.

सुरुवात २०१७ पासून करू. त्या निवडणुकीत भाजपचे सरकार सत्तेवर होते आणि लोक नाराज होते. ही नाराजी त्यांनी लपवली नाही. मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांना त्यांच्याच मांद्रे मतदारसंघात काँग्रेसच्या दयानंद सोपटे यांनी पाडले. चाळीस जागांपैकी काँग्रेसला १७ मिळाल्या, भाजपला १३, मगोला आणि गोवा फॉरवर्डला तीन-तीन, तीन अपक्ष आणि एक राष्ट्रवादीचा. निकाल ११ मार्चला लागला. १४ मार्चला मनोहर पर्रीकर दिल्लीतले संरक्षणमंत्रिपद सोडून येथे मुख्यमंत्रिपदाची शपथ घेऊन मोकळे झाले. भाजपविरुद्ध गळा काढून मते मागणारा गोवा फॉरवर्ड त्यांच्याबरोबर होता, आणि निवडणुकीच्या तोंडावर भाजपशी फारकत घेतलेला मगोही होता. ज्यांना उतरवायला लोक गेले होते ते तीन दिवसांत पुन्हा खुर्चीवर. काँग्रेसचे पुढारी तेव्हा आपला नेता कोण यावर खल करत होते. त्यांच्याबद्दलही फार हळहळ वाटायचे कारण नाही.

पुढे काय झाले ते मांद्र्यात पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सोपटे आमदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि २०१९ च्या पोटनिवडणुकीत भाजपचे म्हणून निवडून आले. २०२२ मध्ये मांद्र्याच्या लोकांनी त्यांना घरी पाठवले आणि मगोचे जीत आरोलकर यांना निवडले. मगो त्या निवडणुकीत तृणमूल काँग्रेसशी युती करून भाजपच्या विरोधात उभा होता. निकाल लागताच मगोने भाजपला पाठिंबा दिला. म्हणजे मांद्रेकरांनी पाच वर्षांत दोनदा सरकारच्या विरोधात कौल दिला आणि दोन्ही वेळा त्यांचा आमदार सरकारच्या बाकांवर जाऊन बसला. आता या मांद्रेकराला तुम्ही काय शिकवणार? विचार करून मत दे म्हणून?

२०१९ हे साल तर पक्षांतराचा जत्रोत्सवच होता. पर्रीकर १७ मार्चला गेले. त्यानंतर दहा दिवसांच्या आत, २७ मार्चच्या रात्री, मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी आपला विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये ‘विलीन’ केला. जुलैत काँग्रेसच्या दहा आमदारांनी विरोधी पक्षनेत्यासकट तेच केले. २०१७ मध्ये लोकांनी १३ जागांवर आणून ठेवलेल्या पक्षाकडे आता २७ आमदार होते.

लोकांनी हे विसरून माफ केले असे म्हणतात ना? २०२२ चा निकाल पाहा. मगोचे दोन आणि काँग्रेसचे दहा, या बारा जणांपैकी फक्त तिघे पुढच्या विधानसभेत परतले, आणि त्या तिघांतले दोघे नवरा-बायको, पणजी आणि ताळगावचे मोन्सेरात दांपत्य. बाकीचे नऊ गेले. केपेतून तेव्हाचे उपमुख्यमंत्री चंद्रकांत ऊर्फ बाबू कवळेकर हरले. मगोतून आलेले दुसरे उपमुख्यमंत्री बाबू आजगावकर पेडणे सोडून मडगावात उभे राहिले आणि काँग्रेसच्या दिगंबर कामत यांच्याकडून पडले. बारातले नऊ! देशात इतर कुठे पक्षांतराला लोकांनी इतकी सणसणीत शिक्षा दिली असेल तर मला ते राज्य पाहायला आवडेल.

मतदाराला नावे ठेवणाऱ्यांनी आता पुढचा भाग सावकाश वाचावा. २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशा शपथा दिल्या. देव, खुरीस आणि पीर, तिघेही साक्षीला. काँग्रेसचे अकरा निवडून आले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांतले आठ भाजपमध्ये गेले. मडगावात एका पक्षांतरिताला पाडून निवडून आलेले कामत त्यांत होते. पक्ष सोडण्यापूर्वी आपण देवाला विचारले आणि देवाने योग्य वाटेल ते कर म्हटले, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. नुव्याचा आमदार २०१९ मध्ये गेला होता; त्याच्या जागी निवडून आलेले आलेक्स सिक्वेरा हेही गेले. सांताक्रूझचा आमदार २०१९ मध्ये गेला होता; त्याला पाडून आलेले रुडाल्फ फर्नांडिस हेही गेले. लोकांनी बंडखोराला शिक्षा केली आणि शिक्षा करायला जो दंडुका हातात घेतला तोच सहा महिन्यांत बंडखोर झाला. पुढे सिक्वेरा २०२३ मध्ये मंत्री झाले, आणि कामत २०२५ च्या ऑगस्टमध्ये.

ही अनास्थेची गोष्ट नाही. सगळे करून झालेल्या माणसाची गोष्ट आहे.

आणि हे सगळे कायद्याने चालले. पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, १९८५ साली आली. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ समजून माफ होती. गोव्यात १९९० नंतरच्या दहा वर्षांत या माफीचा जो वापर झाला तो आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या दशकात शाळेतल्या मुलाला मुख्यमंत्र्याचे नाव विचारले तर तो आधी ‘आजचे की कालचे?’ असे विचारील, हा विनोद तेव्हाचाच. २००३ साली ही फुटीची सवलत काढून टाकली, पण विलीनीकरणाची राहिली: दोन तृतीयांश आमदार गेले तर पक्षांतर नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोनशे-चारशे सदस्यांची सभागृहे असावीत. तेथे दोन तृतीयांश गोळा करायचे म्हणजे डोंगर हलवायचा. गोव्यात अकरांचे दोन तृतीयांश म्हणजे आठ, आणि तिघांचे दोन तृतीयांश म्हणजे दोन. दोन माणसे एका गाडीतून सभापतींकडे जातात आणि भाऊसाहेब बांदोडकरांचा पक्ष विलीन होतो!

बरे, विलीन झाला म्हणजे संपला का? तर तेही नाही. मगोचे कार्यालय होते तिथेच राहिले, सिंह निशाणी राहिली, तिसरा आमदार पक्षातच राहिला, आणि २०२२ मध्ये त्याच सिंहावर दोन आमदार निवडून आले. विलीन झालेली नदी समुद्राला मिळूनही जागेवर वाहत राहावी, तसा हा प्रकार. मूळ पक्ष विलीन झालेला नसताना केवळ आमदारांनी स्वतःला विलीन केले तर ते चालते का, हा प्रश्न काँग्रेसच्या दहा जणांच्या बाबतीत सभापतींपुढे होता. निर्णय यायला एप्रिल २०२१ उजाडले आणि तो दहांच्या बाजूने आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही २४ फेब्रुवारी २०२२ रोजी तो उचलून धरला. तारीख लक्षात घ्या. मतदान १४ फेब्रुवारीला झाले होते, मतमोजणी १० मार्चला व्हायची होती. मतपेट्या बंद होत्या (यंत्रे म्हणायला हवे, पण जुनी सवय), आणि त्यांतून निघणाऱ्या आमदारांना पुढे काय करता येईल हे निकालाआधीच ठरून गेले होते.

सरळ उपाय म्हणून आपण म्हणतो की ज्याला पक्ष सोडायचा त्याने राजीनामा देऊन पुन्हा निवडून यावे. मीही तसे म्हणतो, पण एवढ्याने भागत नाही. सोपट्यांनी राजीनामा दिलाच होता. २०१७ मध्ये निकालानंतर काही दिवसांतच काँग्रेस सोडणारे विश्वजित राणे यांनीही दिला आणि ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत वाळपईतून ते दणक्यात निवडून आले. शिरोड्यात सुभाष शिरोडकरांचेही तसेच झाले. पोटनिवडणुकीतला मतदार वेगळा हिशेब करतो. सरकार कोणाचे आहे हे ठरलेलेच असते, तीन-चार वर्षे काढायची असतात. विरोधी आमदार निवडून आपल्याच गावचा रस्ता अडकवून घ्यायला कोण तयार होईल? तेव्हा राजीनाम्याबरोबर दुसरी अट हवी: पक्ष सोडणाऱ्याला त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत मंत्रिपद नाही, महामंडळ नाही, पगाराचे कसलेही पद नाही. ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनर्विलोकन आयोगाने २००२ सालीच असे सुचवले होते. त्यातले अर्धेमुर्धे २००३ च्या दुरुस्तीत आले, आणि विलीनीकरणाचे दार उघडे असल्यामुळे तेही गळून गेले. मंत्रिपद मिळणार नसेल तर देव किती जणांना ‘योग्य वाटेल ते कर’ म्हणेल, ते पाहण्यासारखे होईल.

कायद्याचे एवढे पुरे. तिकिटाचा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो, कारण मतदार यंत्रापाशी पोचण्याआधीच त्याची निवड कोणीतरी करून ठेवलेली असते. २०२२ च्या विधानसभेत तीन जोडपी निवडून आली: वाळपई आणि पर्ये येथून विश्वजित आणि दिव्या राणे, कळंगुट आणि शिवोलीतून मायकल आणि दिलायला लोबो, पणजी आणि ताळगावातून बाबूश आणि जेनिफर मोन्सेरात. चाळीसपैकी सहा जागा तीन घरांत. यात कोणाच्या कर्तृत्वाविषयी मला काही म्हणायचे नाही. बायकांनी राजकारणात यावे हे तर किती वर्षे आपण म्हणतो आहोत. पण तिकिटे वाटताना पक्षाला त्या तालुक्यांत दुसरे कोणीच दिसू नये? पर्येची गोष्ट तर कादंबरीत शोभावी. प्रतापसिंह राणे १९७२ पासून २०२२ पर्यंत आमदार होते, पन्नास वर्षे. काँग्रेसने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली, त्यांनी माघार घेतली, आणि त्यांच्या सूनबाई भाजपच्या तिकिटावर निवडून आल्या. पर्येत पक्ष बदलला, घर बदलले नाही.

पणजीत भाजपने उत्पल पर्रीकरांना उमेदवारी नाकारली. मुलगा म्हणून त्यांना ती मिळायलाच हवी होती असे मी म्हणणार नाही. घराणेशाहीला नाव ठेवायचे आणि इथे गप्प बसायचे हे बरे नव्हे. पण पर्रीकरांनी १९९४ पासून पणजीत उभा केलेला जो कार्यकर्ता होता, ज्याने बाबूश मोन्सेरात यांच्या विरोधात दारोदारी प्रचार केला होता, त्यालाच आता त्यांच्यासाठी दारोदारी जायला सांगितले गेले. उत्पल अपक्ष उभे राहिले आणि ७१६ मतांनी हरले. विजयी उमेदवारानेच निकालानंतर भाजपची नेहमीची मते आपल्याला पडली नाहीत म्हणून तक्रार केली. ती मते कुठे गेली हे पणजीत सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रस्थापित उमेदवार देण्याचे समर्थन सगळेच पक्ष एका शब्दात करतात: जिंकून येण्याची क्षमता. गोव्यात एका मतदारसंघात सरासरी अठ्ठावीस-एकोणतीस हजार मतदार. महाराष्ट्रात एखाद्या नगरसेवकाच्या प्रभागात यापेक्षा जास्त भरतील. सांत आंद्रेत २०२२ मध्ये विजय झाला तो ७६ मतांनी, म्हणजे एका वाड्यावरच्या मतांनी. इथे आमदाराला प्रत्येक घर माहीत असते. कोणाचा मुलगा बी.कॉम. होऊन बसला आहे, कोणाच्या आईला गोमेकॉत खाट हवी आहे, कोणाच्या मुंडकारी घराला क्रमांक मिळत नाही. जुन्या आमदाराची क्षमता म्हणतात ती हीच: त्याच्याकडे ही वही असते. नवख्याकडे नसते.

ही वही का लागते, याचा विचार मात्र कोणी करत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढवणे, रहिवासी दाखला, पाण्याची जोडणी, घर दुरुस्तीचा परवाना, ही सगळी कामे कचेरीने अर्ज घेऊन ठरल्या दिवसांत करून द्यायची आहेत. ती होत नाहीत. एका कचेरीत माझ्या वडिलांच्या नावावरची नोंद बदलण्यासाठी मी चौदा महिने हेलपाटे घातले. दर वेळी फाईल ‘वर’ गेलेली असे. वर म्हणजे कुठे, ते शेवटपर्यंत कळले नाही. एका परिचिताने आमदाराच्या स्वीय सहायकाला फोन लावला आणि चौथ्या दिवशी कागद हातात आला. त्या दिवशी मला आनंद झाला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. माझ्या जागी रोजंदारी बुडवून येणारी बाई असती तर तिने त्या सहायकाचे उपकार जन्मभर मानले असते, आणि मतदानाच्या दिवशी पक्षाचे नाव न वाचता त्या माणसाच्या नावासमोरचे बटण दाबले असते. तिला मी विकाऊ म्हणू? तिला सरकारकडून हक्काने मिळायचे ते कोणीतरी मेहेरबानी म्हणून दिले, एवढाच तिचा गुन्हा.

योजनांचेही तेच. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, लाडली लक्ष्मी, गृह आधार. पैसा सरकारचा, म्हणजे आपलाच, आणि मंजुरीची पत्रे आमदाराच्या हस्ते, फलकावर त्याच्या हसऱ्या चेहऱ्याखाली. आपल्या गावच्या नाटकांतही हेच दिसते. जत्रेच्या रात्री दुसरा अंक संपतो, पडदा पडतो, आणि ‘तत्पूर्वी एक छोटासा सत्कार’ म्हणून आमदारांना शाल-श्रीफळ दिले जाते. नटमंडळी रंग लावून आत ताटकळतात, पेटीवाला सूर धरून बसतो. आमदारांनी नेपथ्याला, ध्वनिक्षेपकाला पैसे दिलेले असतात. कलाकार आणि मंडळ नाराज होऊ नयेत म्हणून पक्ष कोणताही असो, शाल त्यालाच. परवा एका ज्येष्ठ नटाने मला रंगपटात सांगितले: आमच्यात एकच माणूस दोन भूमिका करतो, पण वेष पडद्यामागे बदलतो.

मराठी वाचक म्हणून आपल्याला आणखी एक सल आहे, तो इथे बोलायलाच हवा. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचे ठरवले तेव्हा मातृभाषेसाठी मराठी आणि कोकणीवाले एकत्र रस्त्यावर आले. हे गोव्यात फार क्वचित घडते. भाजप त्या आंदोलनाच्या बाजूने होता. २०१२ मध्ये पर्रीकर बहुमताने सत्तेवर आले, आणि अनुदान चालूच राहिले. जे विचारत राहिले त्या सुभाष वेलिंगकरांना २०१६ च्या ऑगस्टमध्ये संघाच्या गोव्यातल्या जबाबदारीतून दूर केले गेले. त्यांच्या गोवा सुरक्षा मंचाने २०१७ मध्ये मगो आणि शिवसेनेबरोबर निवडणूक लढवली. मंचाला एकही जागा मिळाली नाही, मगोला तीन मिळाल्या आणि त्या तीन मगोने भाजपच्या पदरात घातल्या. मातृभाषेच्या प्रश्नावर मत दिलेल्या माणसाने मग जायचे कुठे? अनुदान सुरू करणारी काँग्रेस, चालू ठेवणारा भाजप, आणि विरोध करून दोघांतल्या एकाच्या मांडीवर बसणारा मगो. भाऊसाहेबांनी खेड्याखेड्यांत मराठी शाळा काढल्या आणि ज्या बहुजनाच्या हातात पाटी दिली, त्याच्याच नातवंडांच्या शाळा एकामागून एक बंद पडताना हे तिघेही पाहत राहिले.

या मतदाराला स्वतःचे डोके आहे, हे जुनेच आहे. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत, मुक्तीला दोन वर्षे झाली असताना, नेहरूंच्या काँग्रेसला त्याने गोव्यात एकही जागा दिली नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात त्याने विलीनीकरण ३४,०२१ मतांनी नाकारले, आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत विलीनीकरणवादी मगोलाच पुन्हा सत्तेवर बसवले. तो निकाल आपल्यापैकी अनेकांना अजून सलतो, ते मला ठाऊक आहे. पण दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे देणारा हा मतदार अडाणी होता असे कोण म्हणेल? निवडणुकीबाहेरही तो गप्प बसत नाही. केरीतला नायलॉन ६,६ चा कारखाना १९९५ मध्ये त्याने परतवला, त्यासाठी एका तरुणाचा जीव गेला. प्रादेशिक आराखडा २००७ मध्ये रद्द करायला लावला. मेळावलीच्या बायकांनी २०२१ च्या जानेवारीत पोलिसांपुढे ठाण मांडले आणि आयआयटीला तिथून जावे लागले.

आणि वर्षभराने त्याच वाळपई मतदारसंघात विश्वजित राणे मोठ्या फरकाने निवडून आले! हे उदाहरण देऊन मला पुष्कळांनी गप्प केले आहे. पण बारकाईने पाहा. शेवटच्या दिवसांत राणे यांनीच प्रकल्प इथे नको म्हणून भूमिका घेतली. आरोग्य खाते त्यांच्याकडे. आणि समोर टिकेल असा दुसरा मोठा पक्ष मैदानातच नव्हता. दुसऱ्या क्रमांकावर होते ते रिव्होल्युशनरी गोवन्सचे मनोज परब, ज्यांचा पक्ष पहिल्यांदाच निवडणूक लढवत होता. काँग्रेस त्यांच्याही मागे.

या रिव्होल्युशनरी गोवन्सला त्या वर्षी राज्यात नऊ टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि सांत आंद्रेची एक जागा मिळाली. आम आदमी पक्षाला दोन जागा, तृणमूलला भोपळा. भाजपला ३३ टक्के मते आणि चाळीसपैकी वीस जागा. तीन मतांतले एक मत आणि निम्मी विधानसभा! वैतागलेल्या माणसाचे मत असे पाच-सहा खिशांत वाटले गेले. ‘नोटा’चे बटण २०१३ पासून आहे, पण ते गोव्यात शंभरात एखादाच दाबतो, कारण त्याने काही होत नाही, नोटाला सगळ्यांत जास्त मते पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतोच. आणि परप्रांतीयांवर राग काढणारे राजकारण मला पटत नाही. जमिनी विकल्या जातात याचा संताप खरा आहे, पण शपथ मोडणारे आठही जण काही घाटापलीकडून आले नव्हते.

२०२४ च्या लोकसभेत दक्षिण गोव्यात थोडे वेगळे घडले. काँग्रेसने विद्यमान खासदार फ्रान्सिस सार्दिन यांना बाजूला ठेवून नौदलातून निवृत्त झालेल्या कॅप्टन विरियातो फर्नांडिस यांना तिकीट दिले. समोर भाजपच्या पल्लवी धेंपे, गोव्यातल्या सर्वांत मोठ्या उद्योगघराण्यांपैकी एकातल्या. कामतांसह अनेक मातब्बर आता भाजपकडे होते, प्रत्येकाची ती वही त्यांच्याबरोबर गेलेली. फर्नांडिस साडेतेरा हजारांच्या फरकाने निवडून आले. लोकसभेच्या उमेदवाराकडे कोणी घरक्रमांक मागत नाही, हे त्यामागचे एक कारण असणारच. म्हणजे कचेरीचे ओझे मतावरून उतरवले की हाच मतदार जिंकून येण्याच्या क्षमतेचे गणित सहज उलटवतो.

या विधानसभेची मुदत २०२७ पर्यंतची. कोपरा सभेला उमेदवार येतो तेव्हा आपण त्याच्यापुढे गटार, वीज आणि मुलाची नोकरी ठेवतो. पुढच्या खेपेला मी दोन गोष्टी विचारणार आहे. आमच्या पंचायतीत आणि मामलेदार कचेरीत आलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख आणि तो कोणत्या टेबलावर पडून आहे, हे भिंतीवर लावायला तुम्ही विधानसभेत भांडाल का? आणि पक्ष सोडलात तर मुदत संपेपर्यंत कोणतेही पद घेणार नाही, हे माझ्यासमोर इथे, देवाला मध्ये न आणता, सांगाल का?